पुढच्या पिढीच्या लॅपटॉपसाठी थांबू, की आत्ताच घेऊ?

प्रश्न: मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपना जिग-फिक्स्चरची, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची, डिझाइन करून देते. राहते सिडकोत. काम सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, हिशेब टॅलीत, आणि जीएसटी-टेंडरसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं. कधी कधी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला कस्टमरकडे जावं लागतं. सध्याचा लॅपटॉप २०१८चा आहे: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते. दीड लाख बाजूला काढले आहेत. दुकानात गेलं की एआय, टच स्क्रीन आणि कागदासारखा पातळपणा एवढंच दाखवतात. मला हवी आहे टिकणारी बॅटरी, शेडमध्ये नीट दिसणारा स्क्रीन, बोटं न दुखणारा कीबोर्ड आणि पाच-सहा वर्षं इथल्या इथे दुरुस्त होणारं मशीन. ओळखीचे म्हणतात, नवी पिढी येतेय, थोडं थांब. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, थांबू नका. जानेवारी २०२६मध्ये इंटेलने १८-ए या चिप बनवण्याच्या नव्या तंत्रावर बनवलेले पँथर लेक प्रोसेसर बाजारात आणले. वर्षभरात त्यापुढचं काही येईल, आणि तेव्हाही कोणीतरी 'थोडं थांब' म्हणेलच. दरवर्षी वेग थोडा वाढतो, पण तुमच्या कामाचा खरा अडसर ८ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क हा आहे, आणि तो आजच्या कुठल्याही चांगल्या मशीनमध्ये सुटतो. शिवाय २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी कारखाने तिकडे वळले. थांबल्याने स्वस्त मिळेल, असं धरून चालू नका. मात्र अगदी नुकतं आलेलं मॉडेलही घेऊ नका. नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांत बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (जोडलेले भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्या दुरुस्त्या येत राहतात, आणि तो त्रास पहिल्या गिऱ्हाइकाला होतो. बाजारात सहा-आठ महिने रुळलेलं मॉडेल बघा, किंवा आधीच्या पिढीतलं जास्त मेमरीचं.

पैसे कुठे घालायचे याचा नियम एकच ठेवा: जे नंतर बदलता येत नाही त्यावर खर्च करा, जे बदलता येतं त्यावर आत्ता हात आखडता घ्या. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी, पंखा-हीटसिंक आणि बहुतेक मशीनमध्ये रॅमही आयुष्यभर तीच राहते. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी चिपची डिस्क, मात्र एम-डॉट-टू खाचेत एका स्क्रूवर बसते. ती आत्ता ५१२ जीबी घेतली आणि दोन वर्षांनी १ टीबी केली तरी बिघडत नाही. दुकानदार नेमका उलटा सौदा पुढे करतात: १ टीबी एसएसडी आणि १६ जीबी रॅम. तो घेऊ नका.

रॅमबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण महागड्या लॅपटॉपमध्ये सर्वात जास्त फसगत इथे होते. आजच्या पातळ मशीनमध्ये एलपीडीडीआर-५-एक्स जातीची मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. त्याला कारण आहे. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका कमी व्होल्टेजवर जास्त वेग मिळतो आणि बॅटरी वाचते. इंटेलच्या लुनार लेकमध्ये, म्हणजे २००-व्ही मालिकेत, तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवली होती: १६ किंवा ३२ जीबी, पुढे वाढवायची सोयच नाही. तुमच्या कामाला ३२ जीबी हवेत. सॉलिडवर्क्समध्ये फिक्स्चरची असेंब्ली, शेजारी कस्टमरने पाठवलेलं कास्टिंगचं जड मॉडेल, ब्राउझर आणि टॅली एकदम उघडलं की १६ जीबी भरत येतात. मग विंडोज उरलेलं एसएसडीवर ढकलतं आणि मॉडेल फिरवताना झटके बसतात. सोल्डर केलेली मेमरी असेल तर ३२ जीबीच घ्या. रॅमची पट्टी बसवायच्या सोडिम खाचा असतील तर १६ घेऊन एक खाच मोकळी ठेवता येते, पण दुसरी पट्टी लवकर घाला. एकाच पट्टीवर मेमरी एका चॅनेलने चालते, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याने बरंच मंदावतं.

या अडचणीवर तोडगा निघालेला आहे, त्याचं नाव एलपीकॅम-२. तीच कमी वीज खाणारी मेमरी, पण स्क्रूने बसवायच्या पट्टीवर. लेनोव्होने २०२४च्या थिंकपॅड पी-वन सातव्या पिढीत ती दिली. पातळपणा आणि वेग सांभाळून मेमरी बदलता येते, हे त्याने दाखवून दिलं. पुढच्या पिढीच्या महाग लॅपटॉपकडून गिऱ्हाइकांनी पहिली मागणी हीच करावी. दुकानात 'मेमरी नंतर वाढते का?' हे विचाराच, कारण असे प्रश्न विक्रेत्यांमार्फत वर पोचतात.

आता प्रोसेसर. तुमच्यासाठी निवड इंटेल किंवा एएमडी एवढीच आहे. मॅकबुकची बॅटरी आणि शांतता खरोखर उत्तम आहे, पण सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. स्नॅपड्रॅगनवरची विंडोज मशीनही बॅटरीला छान असतात, पण ती एआरएम जातीची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरची आहेत. त्यांवर जुने प्रोग्रॅम अनुवाद होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते त्याच जातीसाठी लिहिलेले लागतात. सॉलिडवर्क्सला तिथे अधिकृत आधार नाही, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर त्या जातीसाठी नसेल तर टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी तुम्ही अडकाल. तो धोका पत्करू नका.

इंटेलमध्ये मॉडेलच्या नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. 'यू' आणि 'व्ही' म्हणजे कमी विजेचे, 'एच' म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त काम करणारे. सॉलिडवर्क्सचं रिबिल्ड (बदलानंतर मॉडेल पुन्हा बांधणं) बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे कोअरची मोठी संख्या बघून पैसे देऊ नका, एका कोअरचा वेग बघा. 'एच' वर्गातला मधला प्रोसेसर पुरतो. सर्वात वरचा घेतलात तर पातळ अंगात तो तापतो आणि पाच-दहा मिनिटांत स्वतःच वेग उतरवतो.

ग्राफिक्स कार्ड गेमिंगचं नको. सॉलिडवर्क्सच्या संकेतस्थळावर तपासलेल्या कार्डांची यादी असते, तिच्यात एन्व्हिडियाची व्यावसायिक मालिका सापडते, गेमिंगची जीफोर्स नाही. यादीबाहेरच्या कार्डावर काम होतं, पण रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवण्याची सोय) मिळत नाही, कधी कडा गायब होतात, आणि तक्रार केली तर मदत मिळत नाही. दोन-तीनशे पार्टच्या असेंब्लीला व्यावसायिक मालिकेतलं सर्वात लहान कार्ड बास आहे. म्हणजे तुम्ही बघायचा वर्ग आहे छोटं मोबाइल वर्कस्टेशन, १४ इंची, दीड किलोच्या आसपास. थिंकपॅडची पी मालिका, एचपीचं झेडबुक, डेलची व्यावसायिक मालिका या घराण्यांत शोधा. शोरूमच्या काचेत ती क्वचित असतात. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या दुकानांत चौकशी करा आणि त्यांच्या कॉर्पोरेट विक्री विभागाकडून मागवून घ्या.

स्क्रीनवर डोळे झाकून ओएलईडी घेऊ नका. रंग सुंदर असतात, पण तुमच्या कामाला तीन अडचणी आहेत. सॉलिडवर्क्सचे टूलबार दिवसभर एकाच जागी राहतात, त्यांचा ठसा वर्षा-दोन वर्षांत उमटू शकतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे ड्रॉइंग शीटवर, ओएलईडी जास्त वीज खातो. आणि बहुतेकांची काच चकचकीत असते, तिच्यात शेडमधले वरचे दिवे दिसतात. तुम्हाला मॅट आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) हवा, १६:१० प्रमाणाचा, उजेड कमीत कमी ४०० निट्स, मिळाल्यास ५००. रंगांच्या व्याप्तीचा आकडा नीट वाचा: '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला पॅनेल फिका असतो, आणि महाग मशीनच्या स्वस्त आवृत्तीतही तो खपवतात. 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला घ्या. दुकानात मशीन दाराजवळ उजेडाकडे नेऊन पांढरं पान उघडून बघा. स्क्रीनकडे बघून डोकं दुखत असेल तर आणखी एक तपासणी करा. उजेड पाव भागावर आणा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर १/१००० सेकंदावर ठेवा आणि पांढऱ्या स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो पॅनेल उजेड कमी करायला चालू-बंद होतो, आणि काहींना त्याचाच त्रास होतो.

बॅटरीच्या जाहिरातीतले तास विसरा. ते मंद उजेडात व्हिडिओ चालवून काढलेले असतात. पाठीमागे किंवा तपशिलात वॉट-तास लिहिलेले असतात, तो आकडा खरा. ७० वॉट-तासांची बॅटरी मेल, टॅली, ड्रॉइंग बघणं अशा ७-८ वॉटच्या कामात नऊ तास देईल. मॉडेलिंग करताना मशीन ३०-३५ वॉट ओढतं, तेव्हा तीच बॅटरी दोन तासांत संपते. पंचवटीत नाशिकरोड ते मुंबई साडेतीन-चार तासांत ड्रॉइंग तपासून होतील, पण पूर्ण असेंब्ली बांधता येणार नाही, आणि हे कुठल्याही कंपनीच्या 'एच' वर्गाच्या मशीनला लागू आहे. ५० वॉट-तासांचं मशीन घेऊ नका. ७० ते ७५ बघा, त्याने वजन १०० ग्रॅमच्या आसपासच वाढतं. वरची मर्यादा १००ची आहे, कारण त्यापेक्षा मोठी बॅटरी विमानात न्यायला परवानगी लागते. आणि दुकानात चार्जर काढून एकदा मशीन चालवून बघा. काही मशीन चार्जर काढला की वेग निम्म्यावर आणतात. बॅटरीवरही तोच वेग मिळावा ही पुढच्या पिढीकडची दुसरी रास्त मागणी आहे.

बॅटरी टिकवायची असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. पूर्ण भरलेली आणि वरून गरम, अशा अवस्थेत लिथियम बॅटरी सर्वात लवकर म्हातारी होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीवर असताना अंबडच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत लॅपटॉप ठेवणं म्हणजे तिला नेमकं तेच देणं.

बॅगेत तापणारा लॅपटॉप हीही आजची मोठी तक्रार आहे. झाकण मिटलं तरी नवी विंडोज मशीन पूर्ण झोपत नाहीत, नेटवर्कशी जोडलेली राहतात, कधी अपडेट घ्यायला जागी होतात आणि बंद बॅगेत पंखा फिरू लागतो. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, 'झाकण मिटल्यावर काय करावं' या पर्यायात बॅटरी आणि चार्जर दोन्हीसाठी हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावरच्या 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' या दुव्यावर टिचकी मारून खाली तो चालू करा. झाकण उघडल्यावर दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी जिथे सोडली तिथेच सापडेल.

चार्जिंग यूएसबी-सीवरच हवं. युरोपीय संघाने लॅपटॉपना ते २८ एप्रिल २०२६पासून सक्तीचं केलं आहे, त्यामुळे १०० वॉटपर्यंतच्या मशीनना वेगळ्या पिनचा चार्जर देण्याचे दिवस संपत आले. केबल मात्र कुठलीही चालत नाही. साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंतच देते. १०० वॉटला ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. मोबाइलची केबल लावली तर 'स्लो चार्जर' असा संदेश येतो आणि मॉडेलिंग करताना चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरते.

वर्कशॉपसाठी एक खास सूचना. धातूच्या अंगाचं मशीन दोन पिनी चार्जरवर असताना हाताला झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या एका कपॅसिटरमधून झिरपणारा किंचित प्रवाह अंगावर येतो, त्याने माणसाला धोका नसतो. पण जुन्या व्हीएमसीला (संगणकीय मिलिंग मशीनला) आरएस-२३२ या सिरियल केबलने प्रोग्रॅम देताना लॅपटॉप आणि मशीनच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्ट जळू शकतो. म्हणून केबल जोडण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरीवर काम करा, किंवा ऑप्टो-आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वापरा. कार्यालयात तीन पिनी, अर्थिंगचा चार्जर ठेवा आणि बोर्डाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कन्व्हर्टर जुन्या प्रोलिफिक चिपचा असेल तर विंडोज ११वर तो चालणार नाही, बदलावा लागेल. ग्राइंडिंगजवळ लॅपटॉप कधीच उघडू नका, लोखंडाची बारीक भुकटी पंख्यातून आत जाते आणि ती वीज वाहून नेते.

टोकन, पेनड्राइव्ह, कन्व्हर्टर या सगळ्यांसाठी अंगभूत यूएसबी-एचे दोन पोर्ट हवेतच, एचडीएमआयही हवा. डोंगलवर भरवसा ठेवलात तर तो नेमका कस्टमरकडे जाताना घरी राहतो. कीबोर्ड दुकानात पाच मिनिटं टाइप करून बघा. कळ १.३ ते १.५ मिलिमीटर खाली जायला हवी, मधला भाग दाबल्यावर लवायला नको. एनपीयूसाठी, म्हणजे प्रोसेसरमधल्या एआयच्या भागासाठी, वेगळे पैसे देऊ नका. ४० टॉप्सचा (त्या भागाच्या वेगाचं माप) आकडा मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट-प्लस या एआय सोयींसाठी लागतो, सॉलिडवर्क्सला त्याचा काही उपयोग नाही, आणि बऱ्याच नव्या प्रोसेसरमध्ये तो आपोआप येतोच. टच स्क्रीन तुमच्यासाठी फक्त वजन आणि चकाकी आहे.

दुरुस्तीचं बघायचं ते घेण्याआधी. लेनोव्हो, डेल, एचपी आपल्या व्यावसायिक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर देतात. ती उतरवा आणि बॅटरी बदलण्याचं पान उघडा. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं आणि बॅटरी स्क्रूवर बसलेली आहे असं दिसलं तर उत्तम. चिकटवलेली असेल तर तीन-चार वर्षांनी बॅटरी फुगेल तेव्हा ती खरवडून काढावी लागेल, आणि त्यात ती भोसकली जाण्याची भीती असते. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतील अशाच द्याव्या लागणार आहेत. कंपन्या सहसा जगभर एकच साचा वापरतात, त्यामुळे तो फायदा आपल्यापर्यंतही येईल. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२पासून आहे, सुट्या भागांची आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे शोधता येते.

वॉरंटी तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची घ्या आणि तुमच्या पिन कोडला ती सेवा आहे हे लिहून मागा. 'पुढच्या कामाच्या दिवशी' याचा अर्थ तक्रार नोंदवल्याचा पुढचा दिवस असा नसतो. फोनवर बिघाड निश्चित झाला आणि भाग हातात आला की मगचा पुढचा दिवस. मदरबोर्ड नाशिकला ठेवलेला असतो की पुण्या-मुंबईहून येतो, हे दुकानदाराला थेट विचारा. बॅटरीची वॉरंटी बहुतेकदा एकच वर्षाची असते, तीन वर्षांची वेगळी घेता येते का तेही. शेडमध्ये फिरणाऱ्या मशीनला अपघाती नुकसानीचं संरक्षण पैसे देऊन घेण्याजोगं आहे.

आणि बिल स्वतःच्या नावावर नको, फर्मच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे. दीड लाखाच्या किमतीत २२,८८१ रुपये कराचे असतात, ते तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात. म्हणजे खिशातून खरोखर दीड लाख घालायचे असतील तर लेबलवर १,७७,००० पर्यंतचं मशीन तुमच्या आवाक्यात आहे, आणि ३२ जीबी व वॉरंटीचा फरक तिथेच निघतो. कराच्या रकमेवर घसारा मात्र दाखवू नका, दाखवला तर क्रेडिट जातं. तुमच्या सीएना आधी सांगून ठेवा.

जुनं मशीन विकू नका. आठव्या पिढीचा इंटेल विंडोज ११ अधिकृतपणे घेतो, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५लाच संपला आहे. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी घाला, मोकळी खाच असेल तर ८ जीबी डीडीआर-४ची पट्टी वाढवा, आणि ते टॅली, डिजिटल सही आणि मशीनला प्रोग्रॅम देण्यासाठी ठेवा. भुकटीच्या जागी नवं मशीन नेण्याची गरजच पडणार नाही.

नवं घरी आलं की पहिल्या आठवड्यात, बदलून देण्याची मुदत असेपर्यंत, चार गोष्टी करा. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. डेमोसाठी ठेवलेलं मशीन असेल तर तारीख जुनी निघते, ती बिल दाखवून दुरुस्त करून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून, एक जागा सोडून, तिरपी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' अशी इंग्रजीत आज्ञा द्या. जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसतात. नव्या मशीनमध्ये दुसरी पहिलीच्या जवळपास हवी, दहा टक्क्यांनी कमी असेल तर मशीन परत करा. मग तुमची सर्वात जड असेंब्ली अर्धा तास फिरवा आणि पंख्याचा आवाज, कीबोर्डचा तापलेला भाग बघा. शेवटी सहीचं टोकन लावून पोर्टलवर लॉगिन करून पाहा, कारण ते चालत नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही मशीन तुमच्या उपयोगाचं नाही.